दोन पानांची दुरुस्ती

माझी थोरली बहीण खगोलशास्त्रज्ञ आहे असं सांगितलं, की समोरचा हमखास विचारतो, "मग भविष्यही सांगत असतील ना?" पूर्वी मी भांडायचे. आता म्हणते, सांगते की, पण वाईटच सांगते.

ताईचं काम लघुग्रहांचं. सूर्याभोवती फिरणारे हे ओबडधोबड दगड स्वतःभोवती गिरकी घ्यायला किती वेळ लावतात, ते ती मोजते. दगड इतके लांब, की मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसतो. ठिपका उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो, त्यावरून गिरकीचा अंदाज बांधायचा. एकतीस वर्षं हेच, आणि त्यातून अठ्ठावीस शोधनिबंध. लग्नाचं राहूनच गेलं. संस्थेत तिची खोली अगदी टोकाला, प्रिंटरच्या शेजारी. लोक तिकडे फिरकायचे ते आपापले कागद उचलायला. डबा ती संगणकाकडे तोंड करून एकटीच खायची. मला ते बघवायचं नाही, आणि बोलायची सोय नव्हती.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा प्राध्यापकाची एक जागा निघाली. ती मिळाली तर आणखी पाच वर्षं खोली आणि दुर्बीण, नाहीतर घरी. अर्ज भरायचा म्हटलं की ताईच्या कपाळाला आठ्या. मी नर्स, माझा जन्म तक्ते भरण्यात गेलेला. रजा टाकून तिच्याकडे गेले.

एका रकान्यात विचारलं होतं, तुमचा सर्वांत महत्त्वाचा निबंध कोणता, आणि इतर किती संशोधकांनी त्याचा दाखला दिला? मी संगणकावर यादी काढली. चार, नऊ, दोन, अकरा, आणि मध्येच दोनशे बारा. मी खुर्चीतून उठलेच.

"अगं ताई, दोनशे बारा! आणि तोंडातून ब्र नाही?"

"ते माझी चूक दाखवायला दाखला देतात," ती म्हणाली.

मग ती स्वयंपाकघरातून एक लांबट बटाटा घेऊन आली आणि दिव्यासमोर फिरवू लागली. "हा बघ. आडवा आला की जास्त उजळ दिसतो. एका गिरकीत दोनदा आडवा येतो, एकदा ही बाजू, एकदा ती. मला वाटलं, तीच बाजू परत आली. पाच तास म्हणून छापलं. खरे दहा."

"मग पुढे?"

"मीच पकडली चूक. वर्षभरात. दोन पानांची दुरुस्ती छापली." तिनं यादीत आणखी थोडं खाली बोट ठेवलं. तिथे शून्य होतं.

"म्हणजे चूक सगळ्यांना माहीत आणि दुरुस्ती कुणालाच नाही?"

"चूक वर्गात शिकवायला बरी पडते. दुरुस्ती कोण वाचतंय?"

मी म्हटलं, "हे बघ, निवड समितीला वाचायला वेळ नसतो. आकडा बघतील. दोनशे बारा लिही आणि मोकळी हो. खोटं तर नाही ना?"

"खोटं नाही," ती म्हणाली. बटाटा तिनं बाजूला ठेवला. मग रकान्यात तिनं त्या दुरुस्तीचं नाव लिहिलं आणि पुढे शून्य. माझं डोकंच फिरलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणाऱ्या माणसाला काय म्हणावं? जे म्हणायचं ते सगळं मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघून आले.

जागा दुसऱ्यालाच मिळाली. ताईनं फोनवर एका वाक्यात सांगितलं. वर्षअखेरीस निरोपाचा चहा झाला, आणि विभागप्रमुखांनी भाषणात काय सांगावं? तिच्या दोनशे बारा दाखल्यांचं कौतुक! ती उठून आभार मानून खाली बसली.

हे ऐकलं आणि माझाच मला राग आला. एकोणीस वर्षांपूर्वी ती दोन पानं तिनं मलाही पाठवली होती. आपल्याला काय कळणार म्हणून मी पाकीट फोडलंसुद्धा नव्हतं. माळ्यावरच्या पेटीतून ते शोधून काढलं आणि दुपारच्या सुट्टीत वॉर्डात शब्दकोश घेऊन बसले. समीकरणं सोडून दिली. शेवटी आभार होते. लोक तिथे वेधशाळेचे, वरिष्ठांचे आभार मानतात. ताईनं लिहिलं होतं, "जुळ्यांतल्या एका बाळाला लस टोचल्यावर दुसऱ्याला तेच समजून परत पाठवल्याची हकीकत माझ्या धाकट्या बहिणीने सांगितली. त्या हकीकतीमुळे मला माझी चूक दिसली. तिची ऋणी आहे."

मला आठवलं. मेट्रनची बोलणी खाऊन मी रडत ताईला फोन केला होता. ती मध्येच गप्प झाली. हिचं लक्ष त्या दगडांत, असं वाटून मी फोन आपटला होता.

संध्याकाळी तिला फोन लावला. "ताई, तुझी दुरुस्ती वाचली."

"कळली?"

"फारशी नाही."

"शेवटपर्यंत वाचलीस?"

"हो."

मग ती म्हणाली, "मला वाटत होतं, तू तेव्हाच वाचलंस. तुझी फजिती मी छापली म्हणून रागावलीस, आणि म्हणून कधी काही बोलली नाहीस."