डबा खायची जागा

विद्यापीठासाठी देणगीदार शोधायचे आणि त्यांच्या पैशातून होणारं बांधकाम वेळेत पूर्ण करून घ्यायचं, हे माझं काम. आम्हाला सभागृह हवं होतं, म्हणून मी घोडबंदर रोडच्या एका जमीनमालकांकडे गेलेलो. त्यांचे वडील मिठागरात राबलेले. मी लॅपटॉपवर सभागृहाची चित्रं दाखवली, दारावर त्यांचं नावही दाखवलं.

त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "पोरं डबा कुठे खातात?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुद्दाम बघितलं, तर मुलं जिन्यावर बसून जेवत होती आणि येणारे-जाणारे त्यांच्या डब्यांवरून पाय टाकत होते. मी जमीनमालकांना फोन करून तसंच सांगितलं.

"मग आधी ती जागा बांधा," ते म्हणाले.

कुलसचिव नाराज झाले. "तुम्हाला सभागृहासाठी पाठवलेलं," एवढंच म्हणाले. मी आराखडा बदलून घेतला. वर्षभरात टेबलं, बाकं आणि हात धुवायचे नळ असलेली खोली उभी राहिली.

उद्घाटनाला जमीनमालक आले, पण भाषण नको म्हणाले. एका बाकावर बसले, शेजारच्या मुलीने पुढे केलेली भेंडीची भाजी खाल्ली आणि निघाले.

सभागृहासाठी मी अजून फिरतोय.