चाचांची घासलेटची वाटी

मेडशीला आमच्या शेजारी एक पिंजारीचाचा राहत. आपल्या काळ्या नावाच्या कुत्र्याला भाकर ताकात कुस्करून, आधी स्वतः चाखून देत. जंतांसाठी गुळातून पळसपापडी चारत. लढाईमुळे आमच्या कंदिलाला घासलेट मिळेना, पण चाचा मात्र रोज दुपारी ओट्यावर बसून काळ्याचे गोचीड वेचत आणि घासलेटच्या वाटीत टाकत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी काळ्या मेला. चाचा आणि मी, आम्ही दोघांनीच त्याला चिंचेखाली पुरला.

आठवड्यानं पाहतो तर चाचा ओट्यावर, रिकाम्या मांडीवर बोटं फिरवत बसलेले.

"हालू नको रे, एकच राह्यला."

"चाचा, काळ्या कुठी हाये आता?"

मान वर न करता त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. रक्तानं टम्म फुगलेले तीन गोचीड घासलेटात अजून पाय हलवत होते.