गुऱ्हाळावरून नाहीशी झालेली मुलगी

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती आणि मी फौजदार म्हणून उंब्रजला नवाच आलो होतो. जेवणाचा डबा नुकताच उघडला होता. तेवढ्यात जवळच्या एका गावचा पोलीस पाटील सायकल दामटत ठाण्यात आला.

"सायेब, एक गोरी बाई साळंतल्या पोरी घिऊन गुऱ्हाळावर आलीया. त्यातली एक पोर गावंना. लोक म्हंत्यात, बाईनंच कुठं तरी धाडली. लय गर्दी झालीया, लवकर चला."

ठाणे अंमलदाराला डायरीत नोंद करायला सांगून मी हवालदारासह जीप काढली. त्या शिवारात पाणी सोडलेला पाट होता आणि बिनकठड्याच्या विहिरीही पुष्कळ होत्या. वाटेत माझ्या मनात त्याच येत होत्या.

गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा काहिलीत रस उकळत होता, पण ढवळणाऱ्यांचं लक्ष तिकडं नव्हतं. सात-आठ वर्षांच्या वीस मुली एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. गुळानं माखलेल्या हातांनी डोळे पुसल्यामुळे सगळ्यांचे चेहरे चिकट झाले होते. मधे त्यांची बाई उभी होती. वय पंचविशीचं. डेन्मार्कहून येऊन ती दोन वर्षं घाटावरच्या एका निवासी शाळेत शिकवत होती. पोरींना गूळ कसा होतो ते दाखवावं, ही कल्पना तिचीच.

"बाई भली दिसतीया वो," गुऱ्हाळाचा मालक म्हणाला, "पर पोर गेली कुठं, ते कुणी सांगायचं?"

माणसांना विहिरींकडं आणि पाटाकडं पिटाळलं, तशी गर्दीही पांगली. मग बाईला बाजूला घेऊन मी विचारपूस सुरू केली. तिला मराठी येत होतं, फक्त 'तुम्ही' म्हणायची सवय नव्हती.

"उतरताना एकवीस मुली. रस पिताना एकवीस. गूळ खाताना मी मोजलं नाही."

तीनदा फिरवून फिरवून विचारलं. तिन्ही वेळा तेवढंच उत्तर आलं. खोटं बोलणाऱ्याचं उत्तर दर खेपेला थोडं सुधारत जातं, असा माझा अनुभव. हिचं जसंच्या तसं होतं. माझा संशय तिथंच गळाला.

मग माझं लक्ष एका मुलीकडं गेलं. सगळ्या रडत होत्या, ही एकटी ओठ घट्ट मिटून बसली होती. बसमध्ये ती हरवलेल्या मुलीशेजारी होती, असं कळलं. मी तिच्यापुढं उभा राहून दरडावलं, "कुठं गेली ती?"

"तिनं शप्पथ घातलीय," एवढंच बोलून तिनं मान खाली घातली.

बाई माझ्याकडं वळली. "तू उभा आहेस, म्हणून ती घाबरते. तू बस."

हवालदारानं जीभ चावली. मी गणवेशातच चिपाडांवर बसलो. बाईनं मुलीचा हात हातात घेतला. "शप्पथ मोडू नको. काही सांगू नको. आम्हाला फक्त दाखव."

पोरीनं बराच विचार केला. मग उसापलीकडं बोट केलं. तिथं वडाखाली एक पांढरं देऊळ दिसत होतं.

"त्या देवळामागं वस्ती हाय," मालक म्हणाला. "एका फौजीची लेक दिलीया तिथं. म्हैना झाला, बाळंत झालीया."

"हरवलेल्या मुलीचे वडील पण सैन्यात!" बाई ओरडली आणि बांधावरून पळत सुटली. आम्ही मागोमाग निघालो.

मुलगी तिथंच होती, थोरल्या बहिणीच्या कुशीत. रुमालात बांधून आणलेला गूळ वितळून कापडाला चिकटला होता. आई गेल्यावर या बहिणीनंच तिला वाढवलं होतं. बहिणीचं लग्न झालं आणि वडिलांनी धाकटीला शाळेत ठेवलं. बाळ झाल्याचं पत्र तिला मिळालं होतं. लग्नात पाहिलेलं देऊळ बसमधून दिसलं आणि ती उसातून चालत आली.

"रागवू नगा तिला, सायेब," बहीण डोळे पुसत म्हणाली. "दोन वर्सांनी बघतीया मी हिला."

बाई चिडेल असं मला वाटलं होतं. ती उंबऱ्यावर मटकन बसली आणि रडली. मग तिनं विचारलं, "बाळ बघू?"

पुढं अर्धा तास बस थांबली. मी बाईचा जबाब लिहायला घेतला. 'माझी नजर चुकवून मुलगी निघून गेली' एवढं लिहून प्रकरण मिटवावं, असा माझा विचार. तिनं वाचून दाखवायला लावलं आणि मान हलवली.

"नाही. 'मी मोजायला विसरले,' असं लिही."

"बाई, नोकरी जाईल तुमची."

"ती लहान आहे. तू असं लिहिलंस, तर शाळा तिला शिक्षा करेल."

मी तसं लिहिलं. शाळेनं बाईला लेखी समज दिली, पण काढलं नाही. पुढं महिन्यातल्या एका रविवारी ती त्या मुलीला एसटीनं घेऊन यायची आणि बहिणीच्या घरी पोचवायची.

या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही, अटकही नाही. पण नंतरच्या सगळ्या नोकरीत जबाब घेताना मी एक गोष्ट आधी पाहू लागलो : समोरचा माणूस कुणाला वाचवतो आहे? बहुतेक जण स्वतःला वाचवत असत. एखादा दुसऱ्याला वाचवताना दिसला, की मी लेखणी खाली ठेवून त्याचं सगळं ऐकून घेई.