जास्तीचं तेल

निपाणीत आमच्या घरामागं पिठाची गिरणी होती. तिचं इंजिन तेल गळायला लागलं की खासबागेतले एक मिस्त्री यायचे. माणसांशी ते बेतानं बोलत. इंजिनाला मात्र 'आक्का' म्हणत आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवत.

वडील गेले त्या महिन्यात ते तीनदा आले. पॅकिंग बदललं, नट आवळले, तरी गळती थांबेना. तिसऱ्यांदा त्यांनी तेलात पट्टी बुडवून बघितली.

"कायबी फुटलेलं न्हाय. रोज कोणतरी तेल जास्त घालतंय."

"किल्ली तर माझ्या करगोट्याला हाय," मी म्हणालो. रोज सकाळी तेल घालायचे ते वडीलच, सगळ्यांचे अण्णा; ते गेल्यापासून मी घालत होतो.

मिस्त्री मुक्कामाला राहिले. गेलेल्या माणसाची पावलं बघायला पसरतात, तसं पीठ त्यांनी संध्याकाळी इंजिनाभोवती पसरलं आणि कुलूप घातलं. सकाळी मला उंबऱ्याबाहेर थांबवून ते एकटेच आत गेले. आजाऱ्याशी बोलावं तसा त्यांचा आवाज आला, "अण्णा, आता पोरगा घालतोय तेल. तुमी बसा."

बाहेर आले तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे पांढरे होते.

"पिठात कायबी उमटलं नव्हतं," ते म्हणाले.

गळती थांबली. मग तळव्यांनी पुसलं काय, हे मी विचारलं नाही.