फ्रिजपुढचा दिवा

आमचे हे, हेमकांत, प्रकाशा गावात फ्रिज दुरुस्त करतात. पाहुणे म्हणून जरी कुणाकडे गेले, तरी आधी फ्रिजमागे डोकं घालून तिथं चिकटवलेली चिठ्ठी वाचणार. गॅस कुठला, किती ग्रॅम! मला तर मेल्याहून मेल्यासारखं होतं.

लोक म्हणतात, गॅस संपला. हे म्हणतात, "अगं, संपेल कसा? नळीतच उकळतो, आतली उष्णता घेतो, मागे सोडतो, पुन्हा फिरतो. नाहीसा झाला म्हणजे गळला."

"गळून जातो कुठं?" मी विचारलं.

"नव्या फ्रिजातला हवेपेक्षा जड. फरशीलगत बसतो. आणि पेटतो."

पेटणारी वस्तू गारवा देते? काहीतरीच! माझा विश्वासच बसेना.

दसऱ्याच्या सकाळी हे पान्हे मांडून पूजेला बसले होते, तोच पलीकडच्या गल्लीतल्या मंगलाबाईंचा फोन आला.

"हेमकांत, बरफ निघे ना म्हनीसन सुरी टोची, तं सुस्स करी गॅस संपी गया. ये नी भाऊ. तवपर्यंत मी फ्रिजनी पूजा करी लेस, दिवा लावी ऱ्हायनू."

आमच्याकडे दसऱ्याला मोटरसायकलपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. दिवा पुढ्यात, फरशीवरच.

"काकू, काडी ओढू नका! बटणाला हात लावू नका! तशाच बाहेर या!" हे ओरडले आणि अनवाणी पळाले. मीही मागे धावले.

मंगलाबाई ओट्यावर उभ्या होत्या, जरा रागावलेल्या. ह्यांनी बाहेरच्या भिंतीवरचा मेन स्विच पाडला, दारंखिडक्या सताड उघडल्या.

"वास तं येत नही!" मंगलाबाई म्हणाल्या.

"सिलिंडरच्या गॅसात वास मुद्दाम घालतात, काकू. यात घालत नाहीत."

ह्यांनी खिशातलं गळती शोधायचं यंत्र फ्रिजजवळ, फरशीलगत धरलं. ते किंचाळू लागलं. शेजारीच तेल-वात घातलेला, अजून न पेटवलेला दिवा होता.

मंगलाबाई मटकन खाली बसल्या. पाऊण तास आम्ही कुणालाच आत जाऊ दिलं नाही.

संध्याकाळी मंगलाबाई सोनं द्यायला आल्या. खरं तर आम्ही धाकटे, आम्हीच जायला हवं होतं. त्यांनी ह्यांच्या तळहातावर आपट्याचं पान ठेवलं. पानावर एक काडी होती, न ओढलेली.

"सकायपासून मूठमाच व्हती," त्या म्हणाल्या आणि ह्यांना जवळ घेऊन रडल्या.

आता कुणाकडे गेलो की फ्रिजमागची चिठ्ठी मीच आधी वाचते.