रणगाड्याच्या तळाचं दार

माझा धाकटा भाऊ रणगाड्यांच्या पलटणीत रुजू झाला, तेव्हापासून आईला एकच घोर लागला होता. वरचं झाकण अडकलं, तर आतल्यांनी बाहेर कसं पडायचं? घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

टीव्हीवरच्या एका तमिळ कार्यक्रमात दर रविवारी एक निवृत्त अधिकारी युद्धसामग्रीविषयी प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. एका रविवारी अड्यारच्या आमच्या घरी आम्ही इडल्या खात असताना निवेदिकेनं नेमका तोच प्रश्न वाचला. मी आईकडे पाहिलं.

"तू पाठवलास?"

"गप बस. ऐकू दे."

अधिकाऱ्यांनी रणगाड्याचं चित्र दाखवलं. "ह्याच्या तळाशीही एक दार असतं," ते म्हणाले, "आणि त्यातून निसटायचा सराव सगळ्यांकडून करून घेतात."

आईनं लगेच भावाला फोन लावून हे सांगितलं. तो हसत सुटला. "अगं, मलाच विचारायचंस ना!"

"तू मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगितलं असतंस. त्यांना माझं मन कशाला राखायचंय?"

मग तिनं आणखी दोन इडल्या वाढून घेतल्या. कितीतरी दिवसांनी तिला चवीनं खाताना पाहून माझाही जीव भांड्यात पडला.