शालनचं पोस्टकार्ड

एका पोस्टकार्डाचा मला पडलेला खर्च असा... एक अख्खा मंगळवार, दिवसभर बंद राहिलेले दोन लेथ, एका गिऱ्हाइकाची बोलणी, आणि तेव्हा भोसरीभर मिरवत होतो ती सगळी ऐट. कार्डावर मजकूर होता जेमतेम दोन ओळींचा.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. खेड तालुक्यातून एका पिशवीनिशी आलेला मी, टर्नर म्हणून हात काळे करून आता स्वतःचं वर्कशॉप चालवत होतो. बेअरिंग गेलंय की पट्टा सैल आहे, हे रस्त्यावरून नुसत्या आवाजावर सांगायचो. कानांचा फार अभिमान मला.

त्याच सुमारास, अनाथ मुलांना घरोघरी सांभाळायला देणाऱ्या एका संस्थेच्या समितीनं मला बोलावलं. त्यांना ना संस्थेचा, ना सरकारचा असा बाहेरचा माणूस हवा होता. मुलं ठेवलेल्या घरी जाऊन बघायचं, कुणाचं गाऱ्हाणं असेल तर ऐकायचं आणि समितीला कळवायचं. पगार नाही... फक्त एक रजिस्टर.

तोवर मुलांच्या तक्रारी ऐकायच्या संस्थेच्या बाई. आणि घरं निवडायच्याही त्याच. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे जॉब करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. ज्यानं केला त्याला स्वतःची चूक दिसत नाही." बाईंना ते लागलं, पण समितीला पटलं.

मग प्रत्येक मुलाला एकेक कोरं पोस्टकार्ड दिलं. पत्ता माझ्या वर्कशॉपचा, माझ्याच अक्षरात. काही झालं तर टाका, ते संस्थेत न जाता थेट माझ्याकडे येईल, असं सांगून ठेवलं.

आणि भेटी? कधीच कळवून नाही. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी बंद करायची आणि चालत आत जायचं. बाईंना मी छाती काढून सांगितलं होतं, "मी कधी दारात उभा राहीन ते कुणालाच ठाऊक नसतं."

गुरुवारी आमच्या पट्ट्यात लाइट बंद, कारखान्यांना सुट्टी... तेवढाच माझा मोकळा दिवस. त्यात दत्ताचा उपास. पण लोक इतके मायाळू, की कुठल्याही घरी अवचित गेलो तरी पाच मिनिटांत गरम साबुदाण्याची खिचडी समोर यायची.

शालन बारा वर्षांची, सातवीत. आकुर्डीच्या एका चाळीत सुमन आणि तिच्या नवऱ्याकडे राहायची. मी जायचो तेव्हा लाल रिबिनी, खांद्याला दप्तर, शाळेला निघायच्या तयारीत. दर महिन्याला मी रजिस्टरमध्ये लिहायचो, "मुलगी आनंदी. शाळा नियमित."

आणि एक दिवस तिचं कार्ड आलं. "काका, तुम्ही नेहमी गुरुवारी येता. एकदा मंगळवारी या ना. शालन."

मंगळवारी लेथ बंद केले आणि अकरानंतर आकुर्डीला पोचलो. दार नुसतं लोटलेलं. आत पाळण्याच्या कडीची कुरकुर, आणि तिच्या तालावर शालनचा आवाज... "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..." अंगाई नव्हती, पाढा होता. बाळ मात्र गाढ झोपलं होतं.

सुमनला तीन महिन्यांपूर्वी एका शेडमध्ये पॅकिंगचं काम लागलं होतं. आठ महिन्यांचं बाळ तेव्हापासून शालनच्या गळ्यात. गुरुवारी शेड बंद, म्हणून शालनला शाळा फक्त गुरुवारी.

"आधी का नाही टाकलंस कार्ड?" मी विचारलं.

"तुम्ही मला परत नेलं असतं," ती म्हणाली. "मला इथंच राहायचंय, काका. फक्त शाळेत पण जायचंय."

शाळेत जाऊन हजेरीपट पाहिला. तिच्या नावापुढे गुरुवार तेवढे भरलेले. परीक्षा महिन्यावर आलेली. हेडमास्तर म्हणाले, "असंच चाललं तर मला तिला बसवता येणार नाही."

संध्याकाळी पुन्हा चाळीत गेलो. सुमन कामावरून आली ती मला बघून दारातच थबकली. "पोरीला न्यायला आलाय का, दादा?"

"तिनं तसं लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

ती तिथंच पायरीवर बसली. "मला काय कळत न्हाई व्हय? ह्यांचा ओव्हरटाइम बंद झालाय, एका पगारात भागत न्हाई. बाळाला टाकू कुणाकडं?"

शेजारी रशीदभाई वेल्डर राहायचे. त्यांची बायको, आमची भाभी, भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. ती पदर खोचत आली. "तीन महिने झाले, तो पाढा ऐकून ऐकून मला पण पाठ झाला. सुमन, विचारायला तोंड नव्हतं का तुला? पाळणा उद्यापासून माझ्याकडे."

जे पाहिलं ते समितीला लिहिलं. मुलगी तिथंच राहावी, हजेरीपट मी दर महिन्याला शाळेत जाऊन बघीन. संस्थेच्या बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "आणि शाळा नियमित असल्याच्या मागच्या तीन नोंदी कुणाच्या?"

"माझ्याच," मी म्हटलं. "ज्यानं केला त्याला चूक दिसत नाही." बाई पहिल्यांदाच माझ्याशी हसल्या.

शालन परीक्षेला बसली, पास झाली, आणि त्याच घरातून आठवीत गेली. मशीनचे आवाज मी उस्तादांकडे शिकलो, पण हे काम मला त्या पोरीनं दोन ओळींत शिकवलं. आजही तिचे उपकार वाटतात.

निकालानंतर मी मुद्दाम शुक्रवारी गेलो. सुमननं चहा ठेवला. मी सहज म्हटलं, "आज खिचडी नाही वाटतं?"

"शुक्रवारी कुठली खिचडी, दादा," ती म्हणाली. "तुमचा साबुदाणा आमी बुधवारी रातीच भिजत घालायचो."